दिवाणखान्यांतलें घड्याळ

ह्या सदरांत आजवर आम्हीं पळी-पंचपात्रापासून पाटा-वरवंट्यापर्यंत घरांतील पुष्कळ जुन्या वस्तूंविषयीं लिहिलें. परंतु आमच्या स्वतःच्या वाड्यांतील घड्याळाविषयीं लिहिण्याचें टाळीत आलों. टाळण्यास कारण होतें, तें योग्य ठिकाणीं सांगूं. गेल्या मार्गशीर्षांत त्या घड्याळाच्या निमित्तानें घरांत एक प्रश्न उभा राहिला, आणि आतां मौन धरण्याचें प्रयोजन उरलें नाहीं.

आमचा वाडा वाईस, कृष्णेच्या घाटापासून हांकेच्या अंतरावर. आजोबा तेथें वकिली करीत. पांचगणीस राहणारें एक इंग्रज कुटुंब विलायतेस परत निघालें तेव्हां त्यांच्या सामानाचा लिलाव झाला, आणि त्या लिलावांत आजोबांनीं हें घड्याळ घेतलें. ही गोष्ट पहिल्या महायुद्धाच्या आधींची. घरांतील वडील मंडळी त्यास 'साहेबाचें घड्याळ' म्हणत; आम्ही मुलें 'फुलांचें घड्याळ' म्हणत असूं. दिवाणखान्यांतील शिसवी कपाटावर तें उभें असे, आणि त्याचे टोले माजघर ओलांडून परसांतल्या विहिरीपर्यंत ऐकूं येत.

उंची सुमारें चौदा इंच. तळाशीं रंग गर्द हिरवा. तो वर चढतां चढतां फिका होत जातो आणि मध्यावर सायीसारखा पांढरा होतो. त्या सायीवर गुलाबी व पिवळ्या गुलाबांचे घोस. माथ्यावर शिंपला उघडावा तशी आकृति, दोन्ही खांद्यांवर वळून आलेलीं पानें, खालीं चार वांकलेले पाय, आणि ह्या सर्वांच्या कडांवरून फिरलेली सोन्याची रेघ. संबंध अंगावर एक सरळ रेषा शोधावयाची म्हटली तर सांपडत नाहीं. उजव्या खांद्यावरील सोनें पार पुसट झालें आहे, डाव्या खांद्यावरील मात्र अजून चकचकीत आहे. कारण साधें आहे. कपाट डाव्या हातास भिंतीला लागून. पुसणारीचें फडकें नित्य उजवीकडून पोंचे. आमच्या वाचकभगिनींनीं येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. असल्या वस्तूंवरील सोनें सर्वांत शेवटीं, मंद आंचेवर भाजून बसविलेलें असतें. तें झिलईच्या वर असतें, खालीं नसतें. म्हणून चिंच, सोडा किंवा राख त्यास लावूं नये. कोरडा मऊ कुंचला पुरे.

ह्या धाटणीस यूरोपांत 'रोकोको' म्हणतात. फ्रेंच भाषेंत 'रोकाय' म्हणजे बागेंतील कृत्रिम गुहेच्या भिंतींवर शंख-शिंपले आणि खडे बसवून केलेलें काम. त्या शब्दावरून हें नांव निघालें. चौदाव्या लुईच्या व्हर्सायच्या राजवाड्यांत सगळें भारदस्त, डावी बाजू उजवीशीं तराजूंत तोलल्यासारखी. इ. स. १७१५ मध्यें तो राजा वारला. सरदारमंडळी पॅरिसमधील आपापल्या घरांत परतली, आणि लहान खोल्यांस शोभेल असें हलकें, खेळकर नक्षीकाम त्यांना हवेंसें झालें. पंधराव्या लुईच्या कारकीर्दींत, विशेषतः १७३० च्या पुढें, ही शैली भरास आली. नागमोडी वळणें, अर्धवट उमललेलीं फुलें, शिंपल्यांच्या कडा; आणि ज्युस्त-ओरेल मेसोनिये (१६९५–१७५०) ह्याच्यासारख्या कारागिरांनीं तर दोन्ही बाजू सारख्या असूंच नयेत असा जणूं नियम केला. पुढें हर्क्युलेनियम (१७३८) आणि पाँपेई (१७४८) येथें उत्खनन सुरू झालें, भूमींतून प्राचीन रोमन घरें वर आलीं, आणि शतक उतरणीस लागण्यापूर्वींच लोकांची आवड पुन्हां सरळ रेषेकडे वळली. एकोणिसाव्या शतकांत मात्र कारखान्यांनीं हा जुना साज पेटींतून काढावा तसा बाहेर काढला. फ्रान्सच्या राजदरबारांत जें हातानें घडत असे, तें आतां सांच्यांत घालून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यासाठीं निघूं लागलें. आमचें घड्याळ ह्या दुसऱ्या लाटेंतलें आहे.

ही शैली आमच्या मनास आरंभीं कधींच पटली नाहीं, हें कबूल करावयास हवें. ज्यानें विद्यार्थ्यांस अलंकारशास्त्र शिकविलें, त्यास काश्मीरच्या क्षेमेंद्राचा औचित्यविचार विसरतां येत नाहीं. गळ्यांत घालावयाची मेखला आणि कमरेस बांधावयाचा हार पाहून जसें हंसूं यावें, तसें वेळ सांगणाऱ्या यंत्राच्या अंगावर गुलाबांचे ताटवे पाहून आम्हांस वाटे. आमच्या पूर्वजांचें घटिकापात्र पाहा. तांब्याची एक वाटी, बुडाशीं सूक्ष्म छिद्र. पाण्यावर ठेवावी, भरून बुडाली कीं एक घटिका झाली, म्हणजे २४ मिनिटें. अहोरात्रांत ती ६० वेळां बुडते. सूर्यसिद्धांतांत तिचें वर्णन आहे, आणि लग्नांत मुहूर्त साधण्यासाठीं ती कालपरवांपर्यंत आमच्या मांडवांत असे. तिच्यावर एक रेघही कोरलेली नसे. 'घड्याळ' हा आपला शब्दही त्या घटीच्याच कुळांतला. परंतु ह्या खेपेस, चार दिवस तें घड्याळ समोर ठेवून बसलों तेव्हां, एक गोष्ट आमच्या नजरेस आली व आमचें मत थोडें ढळलें. इतकीं फुलें आहेत, पण तबकडीवर एकही चढलेलें नाहीं. कारागिराचा हात जेथें थांबावयास हवा तेथें थांबला आहे. क्षेमेंद्रानें एवढ्यावर त्यास उत्तीर्ण केलें असतें असें वाटतें.

ती तबकडी म्हणजे आमच्या लहानपणचें खरें आकर्षण. तिच्या मध्यभागीं एक वाटोळी खिडकी आहे, आणि त्या खिडकींतून एक दातेरी चाक व त्यावर डोलणारीं दोन बोटें दिसतात. बोटांच्या टोकांस तांबडे खडे. पॅरिसच्या ब्रोको नांवाच्या घड्याळजीनें गेल्याच्या गेल्या शतकांत ही रचना प्रचारांत आणली. आंतील कमानीस किल्ली दिली म्हणजे ती एकदम उलगडूं पाहते. तसें होऊं दिलें तर आठ दिवसांची शक्ति क्षणांत संपेल. म्हणून हीं दोन बोटें आळीपाळीनें चाकाच्या दांत्यास अडवितात, आणि लंबक एकेका झोक्यास एकेक दांता सोडवून घेतो. आपण ज्यास 'टिक्‌टिक्' म्हणतों तो त्या अडविण्याचा आवाज. बहुतेक घड्याळांत हा व्यवहार पडद्याआड चालतो, येथें तो राजरोस समोर चालतो. बाराच्या आंकड्यावर एक बारीक भोंक आहे. किल्लीचें लहान टोंक त्यांत घालून फिरविलें कीं लंबकाची लांबी किंचित् कमी-अधिक होते व घड्याळ जलद किंवा मंद चालतें. खालच्या दोन भोंकांपैकीं उजवें चालण्याचें, डावें टोल्यांचें. चारचा आंकडा मात्र रोमन व्याकरणाप्रमाणें न लिहितां चार उभ्या काठ्यांनीं लिहिला आहे. शाळेंत आम्ही मुलांकडून जो अंक बिनचूक गिरवून घेत असूं, तो घरच्या घड्याळावर चुकलेला! पुष्कळ जुन्या तबकड्यांवर हें असेंच असतें. समोरच्या आठाच्या आंकड्याचें वजन मोठें, त्यास तोल यावा म्हणून असें करीत, हें त्याचें स्पष्टीकरण आम्हांस त्यांतल्या त्यांत समाधानकारक वाटतें.

आजोबा तें मुंबईच्या वेळेवर ठेवीत. सरकारनें १९०६ च्या आरंभीं देशाची प्रमाणवेळ लागू केली, तरी मुंबईनें आपली ३९ मिनिटें मागची वेळ पुढें पुष्कळ वर्षें सोडली नाहीं, आणि आजोबा मुंबईच्या पक्षाचे.

आतां प्रश्नाकडे येतों. आमचे वडील बंधु, ज्यांस आम्ही दादा म्हणत असूं, जाऊन तीन वर्षें झालीं. वहिनी सत्तरीस आल्या. वाडा विकला गेला, आणि त्यांनीं पुण्यास मुलाकडे राहावयास जावयाचें ठरलें. सामान आवरतांना मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा व्यापारी आला. हंडे, झुंबर, शिसवी कपाट पाहून झाल्यावर तो घड्याळापाशीं थांबला, आणि 'अस्सल जर्मन पोर्सलेन' म्हणून त्यानें चांगला आंकडा बोलून दाखविला. पुतण्याचें म्हणणें, विकावें. पुण्याच्या घरांत जागा कोठें आहे? वहिनी कांहींच बोलेनात. शेवटीं त्यांनीं आम्हांस निरोप धाडला, कीं भाऊजींनीं येऊन घड्याळ पाहावें व काय तें सांगावें.

'पोर्सलेन' हा शब्द ऐकून आम्हांस प्रथम आपल्या भाषेचा ढिलेपणा आठवला. लोणच्याची बरणी, चहाची बशी, हात धुण्याची कुंडी, सगळें आपल्याकडे 'चिनीमातीचें'. खरें पोर्सलेन निराळें. चीन देशांत जिंगदेझेन नांवाचें कुंभारकामाचें प्रसिद्ध शहर आहे. त्याच्याजवळच्या गावलिंग गांवावरून 'केओलिन' ह्या पांढऱ्या मातीचें नांव पडलें. ही माती व विशिष्ट दगडाची पूड एकत्र करून १३०० अंशांच्या वर भाजली म्हणजे ती आंतून-बाहेरून कांचेसारखी एकजीव होते. तिची पातळ कड उजेडापुढें धरली तर प्रकाश झिरपतो, नखानें टिचकी मारली तर नाद उठतो, आणि फुटली तर आंतही पांढरी व गुळगुळीत निघते. साध्या मातीचें भांडें त्याहून कमी आंचेवर भाजतात. वरून झिलई कांचेची, पण आंतलें अंग सच्छिद्र राहतें.

चिनी लोकांचें हें रहस्य यूरोपास अनेक शतकें उलगडलें नव्हतें, आणि त्यासाठीं राजे लोक वेडे झाले होते. सॅक्सनीचा अधिपति ऑगस्टस ह्यानें १७१७ सालीं प्रशियाच्या राजास ६०० घोडेस्वार देऊन त्यांच्या मोबदल्यांत चिनी पोर्सलेनचे १५१ नग घेतले! ह्याच राजानें बोटगर नांवाच्या एका किमयागारास, सोनें करून दाखीव म्हणून कोंडून ठेवलें होतें. सोनें कांहीं झालें नाहीं. परंतु चिर्नहाउस ह्या विद्वानाच्या मार्गदर्शनाखालीं प्रयोग करतां करतां १७०८ च्या सुमारास त्यास पांढऱ्या पोर्सलेनची कृति सांपडली, आणि १७१० मध्यें माइसेनच्या किल्ल्यांत कारखाना सुरू झाला. बिचारा बोटगर १७१९ मध्यें ऐन सदतिशींत वारला. त्याच माइसेनमध्यें पुढें घड्याळांसाठीं फुलापानांचीं घरें होऊं लागलीं, व तो शौक सगळ्या यूरोपभर पसरला.

वाईस पोंचल्यावर आम्हीं प्रथम लंबक काढून ठेवला, मग घड्याळ उशीवर आडवें केलें. तळाशीं मुकुटाचें चिन्ह, त्याखालीं 'रॉयल बॉन' आणि 'जर्मनी' अशीं अक्षरें. हें चिन्ह ऱ्हाइन नदीवरील बॉन शहरांतील फ्रांट्स आंटोन मेलेम ह्याच्या कारखान्याचें. तो १८३६ च्या सुमारास निघाला. पुढें एका मोठ्या जर्मन कारखानदारीनें तो घेतला, आणि १९३१ मध्यें तो बंद पडला. तबकडीवर मात्र नांव निराळें, 'अन्सोनिया'. हा कारखाना अमेरिकेचा. अॅन्सन फेल्प्स नांवाच्या धातूंच्या व्यापाऱ्यानें कनेक्टिकट प्रांतांत आपल्याच नांवानें एक गांव वसविलें व १८५० मध्यें हा घड्याळांचा व्यवसाय उभा केला; १८७९ च्या सुमारास कारखाना न्यूयॉर्कजवळ ब्रुकलिन येथें गेला, दुसऱ्याच वर्षीं जळाला, पुन्हां बांधला गेला. ही मंडळी बॉनहून मातीचीं घरें मागवीत, त्यांत आपलीं यंत्रें बसवीत, आणि एकेका नमुन्यास 'ला ब्रेतान्य' असलीं फ्रेंच नांवें देत. १९२९ मध्यें कारखान्याची यंत्रसामुग्री सोव्हिएत रशियानें विकत घेतली व ती मॉस्कोस गेली. म्हणजे जर्मन माती, अमेरिकन यंत्र, फ्रेंच नक्षी, आणि किल्ली देणारे वाईचे वकील.

डाव्या बाजूच्या मागच्या पायाचा चिंचोक्याएवढा टवका उडालेला आहे. भिंतीकडची बाजू, म्हणून कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं; व्यापाऱ्याच्याही पडली नव्हती. आम्हीं भिंग घेऊन पाहिलें. आंतली माती पिवळसर, निस्तेज, आणि एवढ्या वर्षांच्या धुळीनें तपकिरी झालेली. बोटाच्या टोंकावर पाण्याचा थेंब घेऊन तेथें लावला. तो पाहतां पाहतां आंत जिरला. संशय उरला नाहीं. हें घड्याळ पोर्सलेनचें नव्हे. उत्तम, बारीक, कसबानें केलेल्या साध्या पांढऱ्या मातीचें आहे. आणि मेलेमचा कारखाना मुळांत अशाच कामासाठीं नांवाजलेला होता.

आतां तो टवका कसा उडाला, हें सांगावयाचें. सन १९६८ च्या उन्हाळ्याच्या सुट्टींत, दुपारीं सगळे निजले असतां, टोले देणारी हातोडी पाठीमागच्या दारांतून दिसते कीं काय हें पाहण्यासाठीं एका नऊ वर्षांच्या मुलानें स्टुलावर चढून घड्याळ पुढें ओढलें. तें कललें, पाय पितळी समईच्या दांड्यावर आपटला, व आंतील वेटोळ्याच्या तारेचा असा कांहीं नाद झाला कीं वडील जागे झाले. ते येईपर्यंत तो मुलगा खांबामागें पोंचला होता, आणि आवाज ऐकून धांवत आलेले दादा घड्याळ सांवरून धरीत उभे होते. वडिलांनीं एकदांच विचारलें. दादा बोलले नाहींत. त्यांच्या थोबाडींत बसली. शिवाय दर रविवारीं घड्याळास किल्ली देण्याचा जो मान त्यांच्याकडे होता, तो वर्षभर काढून घेतला गेला. त्या मुलानें त्या दिवशीं सांगितलें नाहीं, दुसऱ्या दिवशीं सांगितलें नाहीं, आणि पुढें ती गोष्ट सांगावयाची राहून गेली ती राहूनच गेली. पुढें तो मास्तर झाला आणि तीस वर्षें मुलांस खरें बोलावयास शिकवीत होता. ह्या सदरांत ज्यास 'आम्ही' म्हणतात, तोच तो मुलगा, हें वाचकांनीं ओळखलेंच असेल.

पुतण्यानें विचारलें, "मग काका, व्यापाऱ्यास हें सांगावयाचें कीं नाहीं?" आम्हीं म्हटलें, सांगावयाचें. त्यानें तेथल्या तेथें दूरध्वनि लावला. व्यापारी हंसला म्हणे. "मास्तरांना सांगा, मातीचें आम्हांला ठाऊक आहे, बाजारांत ह्याला पोर्सलेनच म्हणतात, आणि भाव मातीवर नसतो, साजावर असतो. पण टवका आहे हें बोलला नव्हतांत." टवक्यापायीं त्यानें आंकडा तिसऱ्या हिश्शानें उतरविला; आणि यंत्र कुरकुरत असेल तर तें काढून आंत सेलवर चालणारें बसवून देतों, म्हणजे गिऱ्हाईक लवकर मिळेल, अशी पुस्तीही जोडली. पुतण्या तेवढ्यावरही राजी होता.

तेव्हां आम्ही उठून माजघरांत गेलों. वहिनी पितळेचे डबे कागदांत गुंडाळीत बसल्या होत्या. "वहिनी," आम्हीं म्हटलें, "तो टवका दादांनीं पाडला नव्हता. आम्हीं पाडला." एवढें सांगण्यास आम्हांस अठ्ठावन्न वर्षें लागलीं. वहिनींनीं डबा खालीं ठेवला. "भाऊजी, हें मला लग्नाच्या पहिल्या वर्षींच कळलें होतें," त्या म्हणाल्या. "घड्याळ पुसतांना मीं विचारलें, हें कोणी फोडलें? तर म्हणाले, धाकट्यानें. पण तूं त्याला कधीं विचारूं नकोस, तो स्वतः येऊन सांगेल." जरा थांबून त्यांनीं विचारलें, "आतां तें विकायचें, कीं माझ्याबरोबर न्यायचें, तेवढें सांगा."

आम्हीं काय सांगितलें असेल तें उघड आहे. पुतण्यानेंही मग हट्ट केला नाहीं. त्याच्या बायकोनें पुस्तकांच्या मांडणीचा एक खण मोकळा करून दिला.

प्रवासासंबंधीं दोन शब्द, कारण असे प्रसंग पुष्कळ घरांत येतात. लंबक आधीं काढावा, नाहींतर ज्या पातळ पट्टीवर तो टांगलेला असतो ती तुटते. माथ्याच्या नक्षीस धरून घड्याळ कधीं उचलूं नये. तळाखालीं दोन्ही हात घालावे. आमच्या घड्याळास वहिनींच्या दोन जुन्या लुगड्यांत गुंडाळून, गाडींत मांडीवर घेऊन आम्ही पुण्यास गेलों. नव्या खणांत ठेवून लंबक लावला, तर चाल लंगडी. एक टिक लांब, एक आंखूड, आणि दहा मिनिटांत बंद. मांडणीची फळी एका अंगास किंचित् उतरती होती. घड्याळजी बोलवावयास पुतण्या निघाला होता. त्यास थांबवून आम्हीं एका जुन्या लग्नपत्रिकेची घडी केली आणि त्या टवक्याच्या पायाखालीं सारली. एक घडी कमी पडली, दुसरी घातली. मग कान लावून बसलों. चाल सारखी झाली होती.

किल्ली दर रविवारीं वहिनी देतात. पुण्याच्या शेजाऱ्यांनीं पहिल्या आठवड्यांत रात्रींच्या टोल्यांविषयीं तक्रार केली. तेव्हां टोल्यांच्या बाजूस त्या किल्ली देत नाहींत, फक्त सणाच्या दिवशीं देतात.